डबा किती वेळा उघडता?

साठवण : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

मागच्या अंकात चहाची पूड पावसाळ्यात कशी ठेवावी ते लिहिलं होतं. त्यात ओघात येर्बा मातेचं नाव आलं आणि या महिन्याच्या टपालात त्याच्याबद्दलची सहा पत्रं निघाली. पुण्यात इतक्या घरांत ही पानं येऊन पोचली आहेत हे वाचून मला फार बरं वाटलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. येर्बा माते हे दक्षिण अमेरिकेतलं सदाहरित झाड. अर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा, पॅराग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग, एवढ्याच पट्ट्यात त्याची लागवड होते. पानं वाळवून चुरतात, पेल्यात भरतात, वर गरम पाणी ओततात आणि टोकाला गाळणी असलेल्या धातूच्या नळीने ओढून पितात. चहाच्या झुडपाशी त्याचं कूळ जुळत नाही, पण कॅफीन दोन्हींत तेच आणि साठवणीच्या खोडीही बऱ्याचशा त्याच. म्हणून हा महिना त्यालाच.

काकू, स. न. वि. वि. माझा मुलगा नोकरीनिमित्त ब्यूनस आयर्सला असतो. मे महिन्यात आला तेव्हा येर्बाची एकेक किलोची चार कागदी पाकिटं घेऊन आला. एक मी जूनच्या मध्यावर फोडलं, तोंड दुमडून कपड्यांचा चिमटा लावला आणि ओट्यावरच्या फडताळात ठेवलं. आम्ही दोघंच, दिवसाआड पितो. आता त्याला ओल्या गोणपाटासारखा वास येतोय. हे फुकट गेलं का? आणि उरलेली तीन पाकिटं कशी वाचवू?
एक वाचक, बावधन

आधी फोडलेल्या पाकिटाबद्दल. ओल्या गोणपाटाचा वास म्हणजे बुरशी. पांढऱ्या ताटलीत मूठभर पानं पसरून खिडकीच्या उजेडात बघा. कुठे गठळ्या दिसतील, कुठे काडीच्या टोकाला पांढरी लव किंवा हिरवट ठिपके. समजा काहीच दिसलं नाही, तरी हा वास आल्यावर ती पानं पिऊ नका. उन्हाने, भाजण्याने, उकळण्याने बुरशी मरते, पण तिने सोडलेली विषं त्याने हटतातच असं नाही. मुलाने जवळजवळ पंधरा हजार किलोमीटरवरून उचलून आणलेली वस्तू टाकताना हात अडखळणार हे मला कळतं. तरी टाका.

ज्यांची पानं नुसती मऊ पडली आहेत आणि वास अजून कोरड्या गवताचाच आहे, त्यांना वेळ आहे. एक पान चिमटीत धरून मोडून पाहा. कोरडं पान कुरकुरीत तुटतं, सादळलेलं वाकतं. वाकलं तर ओव्हन साठ अंशांच्या आत तापवून बंद करा, ताटात पानांचा पातळ थर पसरून दहा-पंधरा मिनिटं आत ठेवा, दार किंचित किलकिलं राहू द्या. पूर्ण गार झाल्यावर बरणीत भरा आणि ती बरणी आधी संपवा. कढईत परतू मात्र नका. भाजलेल्या मातेचा चहा ब्राझीलमध्ये पितात, पण तो वेगळाच पदार्थ आहे. तुमच्या पाकिटातली चव त्या वाटेने परत येत नाही.

आता तुमचं कुठे चुकलं ते. खरं सांगायचं तर तुमचं फारसं चुकलेलं नाही. ते कागदी पाकीट आपल्यासारख्या घरासाठी बनलेलंच नाही. अर्जेंटिनात माणशी वर्षाला सुमारे सहा किलो येर्बा लागते. एक पेला नीट भरायचा तर चाळीस-पन्नास ग्रॅम पानं जातात, आणि तो पेला घरात, कचेरीत, बागेत हातोहात फिरतो. चार माणसांच्या घरात किलोचं पाकीट दोन-तीन आठवड्यांत तळ गाठतं. तेवढ्या अवधीला कागद आणि वरची घडी पुरते. तुमच्याकडे तेच पाकीट दोन महिने उघडं राहिलं, आणि ते दोन महिने आषाढ-श्रावणाचे होते.

माझ्या वडिलांचं रविवार पेठेत चहाच्या पुडीचं दुकान होतं. अकरावीत असल्यापासून मी गल्ल्यामागे बसायला लागले आणि पुढे एकवीस वर्षं ते मीच चालवलं. आसाम-निलगिरीकडून चहा प्लायवूडच्या पेट्यांतून यायचा. आत चंदेरी वर्ख आणि कागद लावलेला. गिऱ्हाईक आलं की पेटीत खोरं घालायचं, असं वडिलांनी कधी होऊ दिलं नाही. पेट्या आतल्या खोलीत, जमिनीला न टेकता फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. बाहेर मांडणीवर पत्र्याचे लहान डबे, त्यांत जेमतेम दोन दिवसांचा माल. जून ते सप्टेंबर पेटी दिवसातून एकदाच उघडायची आणि तीही दुपारी दोननंतर. सकाळी पुण्याची हवा ओलीकिच्च असते, दुपारी पाऊस थांबलेला असला की त्यातल्या त्यात कोरडी होते. तेवढ्या वेळात डबे भरून घ्यायचे आणि पेटीवर पुन्हा वर्ख दाबून झाकण घट्ट बसवायचं. डबा कोणता घेऊ, असं गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा वडील उलट विचारायचे, दिवसातून तो उघडणार किती वेळा? मी येर्बाच्या बाबतीत तुम्हालाही हेच विचारते. प्रत्येक वेळी झाकण निघालं की आतली कोरडी हवा जाते आणि पुण्याची हवा आत शिरते. डबा कितीही भारी असला तरी ती शिरलेली हवा तो आत कोंडूनच ठेवतो.

ही पानं हवेतून किती पाणी ओढतात ते मी स्वतः काट्यावर पाहिलंय. मागच्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात १०० ग्रॅम येर्बा कागदी पिशवीत भरून स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ठेवली आणि तेवढीच रबरी कडेच्या काचेच्या बरणीत, कपाटात. नवव्या दिवशी पिशवीतली १०६ भरली. बरणीतली १००च होती. वरचे सहा ग्रॅम म्हणजे निव्वळ पाणी. पिशवीतल्या पानांचा रंग तसाच होता, वासही जवळजवळ तसाच, पण चिमटीतलं पान मोडेना. डोळ्यांना काही कळायच्या आत पानांना कळलेलं असतं. तुमच्या घरी वजनकाटा असेल तर दर पंधरा दिवसांनी न उघडलेल्या बरणीचं वजन टिपून ठेवा. वजन चढायला लागलं तर त्या झाकणावर विसंबू नका.

उरलेल्या तीन पाकिटांतलं एकच फोडा. फोडायच्या आधी ते आडवं धरून दोन-चार वेळा हलकेच लोळवा. प्रवासात बारीक भुकटी तळाशी बसते आणि काड्या वर येतात. तसंच ओतलं तर पहिल्या बरणीत काड्या आणि शेवटच्या बरणीत धूळ येईल, आणि ती धूळ नळीत अडकून जीव नकोसा करेल. मग पाऊण लिटरच्या चार बरण्या घ्या. एकेकीत साधारण पाव किलो मावते. बरणी काठोकाठ भरा, हलक्या हाताने दाबा. वर रिकामी जागा राहिली की ती ओल्या हवेने भरते. तीन बरण्यांच्या झाकणाच्या फटीवरून चिकटपट्टी फिरवा आणि त्यांना विसरा. चौथी रोजची. तिच्यातूनही आठवड्याची पानं एका लहान डबीत काढा, म्हणजे पाव किलोची बरणी महिन्यातून चार-पाच वेळाच उघडेल. आत जाणारा चमचा कोरडा हवा, हे तुम्हाला सांगायला नको. लोणच्याच्या बरणीला आपण जसं जपतो तसंच. पण लोणच्यासारखा दादरा बांधून भागणार नाही. दादऱ्याने धूळ आणि मुंग्या थांबतात, हवेतला ओलावा थांबत नाही.

न फोडलेली दोन पाकिटं एकेका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, स्टीलच्या पिंपात ठेवा. पिंप पावसाचा मारा असलेल्या भिंतीला लावू नका. फ्रीजच्या डोक्यावर नको, तिथे ऊब असते. माळ्यावरही नको. आता पावसाळ्यात माळा बरा वाटेल, पण एप्रिलमध्ये वरचा स्लॅब तापला की तिथल्या डब्याला हात लावून बघा.

आणि वास. ओलाव्याइतकीच मला वासाची धास्ती वाटते. एका पावसाळ्यात दुकानात जागा नव्हती म्हणून हमालाने चहाची एक पेटी आमच्या नेहमीच्या खोलीऐवजी शेजारच्या उदबत्तीच्या गोदामात तीन रात्री ठेवली. पेटीचा वर्ख एका कोपऱ्यात फाटलेला होता. चौथ्या दिवशी त्या चहाचा पहिला कप वडिलांनी तोंडाला लावला आणि न पिता खाली ठेवला. ती पेटी त्यांनी विकली नाही. कमी भावाने मागणारे आले तरी दिली नाही. येर्बाचं पान चहाच्याही वर ओढतं, असा माझा अनुभव आहे. तुमचं ओट्यावरचं फडताळ म्हणजे तिथे गोडा मसाला असणार, हिंगाची डबी असणार, फोडणीची वाफ रोज असणार. येर्बाला तिथून हलवा. मसाल्याचा रिकामा डबा कितीही घासला तरी येर्बासाठी वापरू नका. धान्यात घालतो तसा कडुनिंबाचा पाला, बिब्बे किंवा लवंगाही तिच्यात नकोत. ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी चालेल, पण खाद्यपदार्थांसाठी म्हणून मिळते तीच. निळ्या रंगाचे दाणे असलेली पुडी अन्नाजवळ आणू नका. त्या निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो.

नमस्कार काकू. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकतोय. एका मैत्रिणीने ब्राझीलहून अर्धा किलो येर्बा आणली. अगदी हिरवीगार, बारीक पूड. मी ती काचेच्या बरणीत भरून खोलीच्या खिडकीत ठेवली होती, छान दिसायची. तीन आठवड्यांत पिवळट पडली आणि चवही गेली. मित्राकडे अर्जेंटिनाची आहे, तिला काही झालं नाही. असं का? उरलेली फ्रीजमध्ये ठेवू का?
फर्ग्युसन रस्ता

ठेव, आजच ठेव. आणि फ्रीजपेक्षा फ्रीझर बरा.

तुझी आणि तुझ्या मित्राची, दोन्ही एकाच झाडाची पानं आहेत, पण त्यांचं संगोपन निराळं. तोडलेली पानं दोन्हीकडे चोवीस तासांच्या आत ज्वाळेच्या झोतातून काही सेकंद फिरवतात. त्याने पान काळं पडायचं थांबतं. मग वाळवणं, मग भरड चुरा. पुढे रस्ते फुटतात. अर्जेंटिनात तो भरडा पोत्यांत भरून मुरवायला ठेवतात. नैसर्गिक पद्धतीने नऊ महिने ते दोन वर्षं, किंवा उष्णता आणि ओलावा राखलेल्या बंद खोल्यांत महिना-दोन महिने. त्यात हिरवा रंग उतरून पिवळसर होतो, कच्चा तुरटपणा निवतो. तुझ्या मित्राच्या येर्बाला जे म्हातारपण यायचं ते कारखान्यातच येऊन गेलंय. दक्षिण ब्राझीलमध्ये शिमाराँवसाठी, म्हणजे तिकडच्या कडू मातेसाठी, लागणारी येर्बा मुरवत नाहीत. जितकी ताजी, जितकी हिरवी, तितकी तिथे मोलाची. म्हणून ती मेंदीच्या पुडीसारखी दिसते आणि मेंदीच्याच पुडीसारखी उजेडात विटते. हिरवेपणा देणारं हरितद्रव्य उजेडाने आणि हवेने फार लवकर मोडतं. तू तिला नेमकं खिडकीत ठेवलंस.

२०१७च्या ऑक्टोबरात मी भाच्याकडे ब्यूनस आयर्सला गेले होते, तेव्हा त्याने मला बसने मिसियोनेस प्रांतात नेलं. पोसादासच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माती इतकी लाल की महाबळेश्वरच्या वाटेवर असल्यासारखं वाटलं. तिथे एका कारखान्याच्या मुरवणीच्या गोदामात आम्हाला आत जाऊ दिलं. छपरापर्यंत पोत्यांच्या थप्प्या, अंधार, आणि त्या अंधारात वाळलेल्या गवताचा, तंबाखूचा, थोडा धुराचा असा दाट वास. तिथला माणूस एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून आतली मूठभर पानं वर काढायचा, नाकाशी धरायचा आणि पुन्हा आत सोडायचा. किती महिन्यांची, असं भाच्याने विचारलं. त्याने पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही, वासावरून चौदा सांगितलं. पाटीवर चौदाच होतं.

तिथे पोत्यात दोन वर्षं चालतं मग माझ्याकडे डब्यात का नाही, असं तुला वाटेल. तिथे भरड पान असतं, टनावारी एकत्र दाबलेलं, आणि गोदामाच्या हवेवर रोज कुणाची तरी नजर असते. दळून बारीक झालं की पानाचं अंग कितीतरी पटींनी उघडं पडतं, आणि तुझ्या बरणीत ते मूठभरच असतं. घरी येर्बा मुरत नाही, शिळी होते.

आता फ्रीझरबद्दल. पूड पन्नास-पन्नास ग्रॅमच्या लहान पिशव्यांत, हवा काढून, घट्ट बंद कर. त्या सगळ्या एका डब्यात घाल, म्हणजे बर्फाचा आणि मासळीचा वास लागणार नाही. लागेल तेव्हा एकच पिशवी बाहेर काढ आणि ती न उघडता दोन तास टेबलावर राहू दे. हे दोन तास फार मोलाचे आहेत. जुलैत पुण्याच्या हवेत इतकी वाफ असते की बावीस-तेवीस अंशांच्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला घाम फुटतो ना, तेच. गार पिशवी उघडलीस तर तो घाम पानांवरच फुटेल, आणि फ्रीझरने वाचवलेलं सगळं एका मिनिटात जाईल. एकदा उघडलेली पिशवी परत फ्रीझरमध्ये टाकू नकोस. आठवड्यात संपव.

मित्राला सांग, अर्जेंटिनाच्या येर्बाला फ्रीज नको. ती कोरड्या, अंधाऱ्या कपाटात सुखाने राहते.

काकू, तांबट आळीतून मी येर्बासाठी हौसेने कल्हईचा तांब्याचा डबा करून घेतला. त्यात ठेवली तर चालेल ना?
कसबा पेठ

डब्याचं चित्र पाठवलंत, फार देखणा आहे. पण त्याचं झाकण नुसतं बसतं, आवळत नाही. आत घट्ट झाकणाची बरणी ठेवा आणि बाहेरून तांब्याचा डबा. उजेड तो उत्तम अडवेल.

सौ. काकूंस नमस्कार. जावयाने मला भोपळ्याचा पेला आणि नळी आणून दिली. मोठ्या प्रेमाने दिलेली वस्तू. रोज वापरून धुवून पालथा घालते, तरी आत काळी-हिरवी बुरशी आली. साबणाने घासू का? की टाकायचा?
सदाशिव पेठ

टाकू नका, आधी त्याची ओळख करून घ्या. तुमच्या हातात आहे तो आपला दुधी भोपळाच. त्याच वेलाचं कडक कवचाचं, वेलावरच पिकून वाळलेलं फळ. आपल्याकडे पंढरपूरच्या बाजूचे मोठे वाळके भोपळे मिरजेला जातात आणि त्यांचे तंबोरे होतात. तिकडे त्याच्याच लहान भावंडांचे पेले होतात. ‘माते’ हा शब्दही मूळचा त्या पेल्याचाच, केचुआ भाषेतल्या ‘माती’ म्हणजे भोपळ्याचं भांडं यावरून आलेला. पानांना तो नंतर चिकटला. ब्यूनस आयर्सचे लोक ‘येर्बा’चा उच्चार ‘शेर्बा’ करतात. जावयाच्या तोंडी तो ऐकलात तर गोंधळू नका.

तंबोऱ्याच्या भोपळ्याला ओल लागू देत नाहीत. पेल्याच्या भोपळ्यात रोज गरम पाणी. त्याची आतली भिंत सच्छिद्र, मऊ गराची असते. ती पाणी पिते आणि पुढच्या वेळेपर्यंत सुकली पाहिजे. अर्जेंटिनाच्या बऱ्याच भागात ती सुकते. सदाशिव पेठेत ऑगस्टमध्ये सुकत नाही. शिवाय तुम्ही पालथा घालता. पालथ्या पेल्यात दमट हवा कोंडते, तोंडाशी वारा लागत नाही. आडवा ठेवा, तोंड पंख्याकडे करून.

साबण नको, गर साबण पितो आणि पुढचे चार पेले त्याची चव देतो. आधी स्टीलच्या चमच्याने आतली भिंत खरवडा. अगदी हळू, चमच्याची पाठ नव्हे, कड वापरून, तळापासून काठाकडे. काळा थर निघून खाली फिक्या बदामी रंगाचा गर दिसला की थांबा. मग उकळतं पाणी काठापर्यंत भरून दहा मिनिटांनी ओता. असं तीनदा. पुसा, आणि मिळेल त्या दिवशी कडक उन्हात ठेवा. दोन-तीन दिवसांनी आत नाक घालून वास घ्या. वाळल्या लाकडासारखा वास आला तर पेला वाचला. काळेपणा गरात खोल गेला असेल, चमच्याला मऊ लागत असेल किंवा वास जातच नसेल, तर त्यातून पिऊ नका. शोभेला कपाटात ठेवा, जावयाला वाईट वाटणार नाही.

वाचलेल्या पेल्याला पुन्हा मुरवावं लागतं. पिऊन झालेली ओली येर्बा त्यात काठोकाठ भरा, थोडं गरम पाणी घाला, चोवीस तास ठेवा. दुसऱ्या दिवशी काढून, सुटलेला गर खरवडून, परत एकदा तसंच करा. मग पूर्ण वाळवा. पण हे आता करू नका. माझा पेला मी दरवर्षी मृग लागला की धुवून, आठ दिवस वाळवून, कागदात गुंडाळून कपाटात टाकते आणि दसऱ्याला बाहेर काढते. मधले महिने साध्या स्टीलच्या पेल्यातून पिते. नळी तीच, येर्बा तीच. भोपळ्याचा जो हलका वास पेयाला येतो तो चार महिने नसतो. दसऱ्याच्या सकाळी त्याचा पहिला घोट घेते तेव्हा मला त्याचं खरं मोल कळतं.

नळीचं विचारलं नाहीत, तरी सांगते. गाळणीचं टोक सुटं होत असेल तर दर आठवड्याला सोडवून बारीक ब्रशने घासा. आत साचलेल्या ओल्या चुऱ्यालाही बुरशी येते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

काकू, कपाट आवरताना येर्बाचं एक न फोडलेलं पाकीट सापडलं. तारीख उलटून सात महिने झाले. टाकू का?
औंध

पाकिटावर ‘वेन्सिमिएन्तो’ असा शब्द असेल, तो मुदतीचा. ती तारीख बंद पाकिटासाठी असते. कोरड्या पानांच्या बाबतीत ती चवीची हमी संपल्याची खूण समजा. फोडा, वास घ्या. गवत, तंबाखू, किंचित धूर असा वास आला तर खुशाल प्या. जुन्या वह्यांसारखा, पुठ्ठ्यासारखा वास आला तर पानं विटली आहेत. अपाय होणार नाही, आनंदही मिळणार नाही. कुबट आला तर बावधनच्या बाईंना सांगितलं तेच. पाकिटाच्या शिवणींवर बारीक भोकं आणि तळाशी तपकिरी भुगा दिसला तर कीड लागली आहे, वाळलेल्या पाल्याला लागणारा बारीक किडा असतो. तेव्हाही ठेवू नका, शेजारच्या डब्यांत शिरेल.

एक मात्र कळकळीने सांगते. पानं विटली की चव निघत नाही, म्हणून लोक पाणी अधिकाधिक कढत घेतात. येर्बाला सत्तर ते ऐंशी अंशांचं पाणी पुरतं. उकळत्या पाण्याने ती नुसती कडू होते. शिवाय २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पासष्ट अंशांच्या वरच्या कढत पेयांची गणना अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली आहे. त्याच अहवालाने फार कढत नसलेल्या मातेला मात्र त्या यादीत धरलं नाही. म्हणून पाणी सत्तरच्या जवळच ठेवा आणि ते पासष्टच्या खाली निवेपर्यंत नळीतून पहिला घोट घाईने ओढू नका. जुन्या पानांत जीव आणायचा असेल तर उलट करा. पॅराग्वेचे लोक पितात तसा गार पाण्याचा ‘तेरेरे’ करा, त्यात पुदिना आणि लिंबाची साल घाला. पुठ्ठ्याची चव बरीच झाकली जाते.

सकाळी भरलेला पेला रात्रीपर्यंत तसाच ठेवून पुन्हा पाणी घातलं तर चालतं का? पानं वाया घालवायला नको वाटतं.
सहकारनगर

सकाळी भरलेला पेला दोन-तीन तासांत संपवा, त्यात दहा-बारा वेळा पाणी घालून होतं. त्यानंतर ओली पानं खोलीच्या उबेत आंबायला लागतात, आणि या दिवसांत रात्रीपर्यंत तर नक्कीच. संध्याकाळी पुन्हा हवं असेल तर सकाळी पेला अर्धाच भरा. उरलेली पानं वाया जात नाहीत, निथळून कुंडीत पातळ पसरा आणि वरून थोडी माती टाका, म्हणजे चिलटं येणार नाहीत. माझ्याकडे ती गवती चहाच्या कुंडीला जातात.